पंधरा बाय बारा

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे घरात मोजमापाचं काम निघालं की सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग दुसऱ्या कोणाला तरी बोलावतात. यंदा बोलवायला कोणी मिळालं नाही.

सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. लातुरात ते आणखी कोणी मनावर घेतलं असेल नसेल, माझ्या मेहुण्यानं घेतलं. जुनी व्हॅन आणली, मागची बाकडी काढून गादी टाकली आणि जाहीर केलं, "दाजी, माळेगावच्या यात्रेत लॉजची भानगड नको. गाडीतच राहू." उरली होती फक्त दारापुढची सावली. टपाला बांधायची आणि पुढं दोन बांबूंवर ताणायची ताडपत्री. "माप तेवढं तुम्ही घ्या."

बायकोचा शिवणाचा टेप घेतला. साठ इंची. व्हॅनला तीनदा लावला, तीन पंचे पंधरा. सावली बारा फूट पुढं यावी असं मला वाटलं, का ते विचारू नका.

लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. मधे गोल, भोवती सोळा रस्ते. गणिताच्या माणसाला खूश करणारी आकृती. ताडपत्रीचं दुकान शोधताना मी चार वेळा चुकीच्या त्रिज्येवर गेलो. शेवटी ज्या दुकानात शिरलो तिथं गल्ल्यावर माझाच विद्यार्थी.

"सर, किती जीएसएमची देऊ?"

म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. हे मात्र माझ्या अखत्यारीतलं. पंधरा बाय बारा म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर. दोनशेची घेतली तर सव्वातीन किलोच्या वर. पोरगा कौतुकानं ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पण सर, पंधरा बाय बारा ही कटिंगची साईज. काठ दुमडून रिंगा ठोकल्या की लांबीत अन् रुंदीत अर्धा-अर्धा फूट जातंय."

"मग तयार मालाला पंधरा बाय बारा कशाला म्हणता?"

"सर, तुम्ही नाही का पाय म्हणजे बावीस सप्तमांश म्हणायचात? ते तरी कुठं बरोबर असतं?"

मी पैसे दिले आणि बाहेर पडलो. पुढची मोठी साईज मागायला हवी होती, पण विद्यार्थ्यासमोर माप बदलायचं कसं?

माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाचं. मार्गशीर्षात यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, भंडारा, कुस्त्या, लावण्या असं सगळं तिथं आहे. मला त्यातलं फारसं सांगता येणार नाही, कारण पोचलो तो दिवस मी टपावर होतो. कॅरिअरचे दोन कोपरे पंधरा फुटांवर आणि ताडपत्रीच्या दोन रिंगा साडेचौदावर. मधल्या अर्ध्या फुटात मेहुण्याचा मफलर, चपलेचा पट्टा आणि बायकोच्या परकराची नाडी गेली. पण ताणली अशी की डोळा सुखावावा. जमिनीला अगदी समांतर. शेजारच्या पालातली, गाढवं विकायला आलेली एक म्हातारी येऊन बघून गेली. "मास्तर, इतकं सपाट कामून बांधलाव?" तिला समांतर रेषा कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मी मास्तर आहे हे तिला कसं कळलं, ते अजून कोडं आहे.

रात्री दोनला अवकाळी आला. ताडपत्रीला पोट सुटलं. खाली खाटेवर पडून मी हिशोब केला: एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा लिटर. पोट दोन चौरस मीटर, खोली सरासरी पाच सेंटीमीटर. शंभर किलो. उत्तर बरोबर आलं याचा आनंद होतो न होतो, तोच मफलर सुटला.

उत्तर अंगावर आल्यावर आम्ही तिघं व्हॅनच्या दारात कुडकुडत बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "त्र्याण्णवसारखं वाटायलंय." ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. भूकंपात किल्लारी गेलं. आमचं घर उभं राहिलं, तरी आई कित्येक दिवस माळवदाखाली झोपायला तयार नव्हती. लिंबाचं झाड आणि बैलगाडी यांच्यामधे वडिलांनी ताडपत्री बांधली होती. ती कोणी मोजली नव्हती. आम्ही सगळे त्यात मावत होतो.

उजाडताच म्हातारी आली, काही न विचारता दोऱ्या सोडायला लागली. पुढचे बांबू हातभर खाली रोवले. रिंग फाटली होती तिथं ताडपत्रीच्या आत लिंबाएवढा खडा ठेवला, बाहेरून चिमटीत धरला, खाली दोरीचे तीन वेढे दिले, गाठ. बटणासारखा वर आलेला तो खडा मी जोरात ओढून पाहिला. हलला नाही. "रिंगा कशाला लागतात?" ती म्हणाली आणि चहाला थांबली.

त्या दिवशी मी देवस्वारी पाहिली. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमधे जेवलो. रांगेत कोणी माझं माप काढलं नाही.

घरी आल्यावर मी शाळेतली लाकडी फूटपट्टी शोधली आणि बायकोचा टेप मोजला. साठ इंचांचा टेप एकसष्ट भरला.