जराकसं पाहतो

हॉकिन्सच्या कुकरचं झाकण आतल्या बाजूने बसतं. आत वाफ कोंडलेली असेपर्यंत ते उघडत नाही, कितीही जोर लावा. सत्तरी गाठलेल्या तात्यांना आयुष्यात पुरून उरलेली वस्तू एवढी एकच. बाकी ज्याला म्हणून झाकण आहे, मग ते भाताच्या पातेल्याचं असो, लोणच्याच्या बरणीचं असो की दुसऱ्याच्या घरच्या भानगडीचं, ते तात्यांनी वेळेआधी उघडून पाहिलेलं आहे.

त्यांचं वाक्य ठरलेलं. ‘जराकसं पाहतो.’ हे परवानगी मागणं नसतं. वाक्य संपेपर्यंत झाकण हातात आलेलं असतं, वाफेने चष्मा पांढराफटक झालेला असतो आणि ज्यासाठी उघडलं ते काहीच दिसलेलं नसतं. म्हणून मग चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा एकदा.

‘काहून उघडता हो सारखं?’ काकू ओरडतात.

‘मी कुठं उघडलं? सरकवलं फक्त.’

आमचं धाड म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचं, घाटावरचं, कडेचं गाव. पुढे गेलं की विदर्भ संपतो आणि जालन्याचा भोकरदन तालुका लागतो, म्हणजे मराठवाडा. कपाशी, मका, सोयाबीन, मिरची अशी पिकं. मृग बरसला की सगळं गाव सरकी टोबतं आणि आभाळाकडे बघत बसतं. तात्या आभाळाकडे बघत नाहीत. ते चौथ्या दिवशी वावरात जातात, तासात उकिडवे बसतात आणि बोटाने माती उकरून सरकीला मोड आला की नाही ते पाहतात. आलेला असतो. उकरताना तो मोडतो. तात्यांच्या वावरात नांग्या भरायला दरवर्षी जास्तीची एक पिशवी लागते, आणि याचं खापर ते बियाण्यावर फोडतात.

शाळेत ते गणित शिकवायचे. नंतर मुख्याध्यापक झाले आणि शालेय पोषण आहाराची खिचडी त्यांच्या देखरेखीखाली आली. त्या वर्षांतल्या पोरांना विचारा, खिचडी कायम चाळ का निघायची म्हणून. स्वयंपाकीण बाई तांदूळ टाकायची, झाकायची आणि पाणी आणायला वळायची. तेवढ्यात मुख्याध्यापक हजर. घरीही तेच. विरजण लावलं की तासाभराने त्यात बोट. आंब्याची अढी घातली की रोज पेंढ्यात हात. कैरीच्या लोणच्याला दादरा बांधून काकू बरणी फळीवर ठेवतात, आणि श्रावण लागायच्या आत तिला बुरशी येते. पाय मुरगळला तेव्हा डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधून आठवडाभर सोडू नका म्हणून बजावलं होतं. एस. टी. स्टँडवर पोचायच्या आत ते सोडून झालं होतं. सूज किती आहे ते नको का पाहायला?

यावरून कोणी त्यांना हावरट समजेल, तर तो अन्याय होईल. भात शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. तात्यांचं बरोबर उलटं. पदार्थ शिजला की त्यांचा त्यातला रस संपतो. ताट वाढून अर्धा तास झाला तरी ते ओट्यावर कोणाशी तरी सोयाबीनच्या भावावर बोलत उभे असतात. त्यांची ओढ असते ती शिजण्याकडे. आपण पाहिल्यावाचून जगात काही आपोआप शिजतं, रुजतं, मुरतं, पिकतं, हे त्यांना मुळात पटलेलंच नाही. पाहण्याने काम पुढे सरकतं अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि माणसाची श्रद्धा दुसऱ्याने काढून घेता येत नाही.

असे तात्या एकट्या धाडमध्ये आहेत असंही नाही. आता तर त्यांची पैदास वाढली आहे. पार्सल मागवल्यावर ते कुठवर आलं हे दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पाहणारा, दहावीच्या निकालाची साइट उघडायच्या आदल्या रात्रीपासून ती उघडून बसणारा, भिंतीच्या ओल्या रंगाला बोट लावून ‘अजून ओलाच आहे’ असं जाहीर करणारा, हे सगळे त्याच गोत्रातले. फक्त तात्यांच्या हाताला चटके बसतात, यांच्या बसत नाहीत.

तर अशा या घरात स्लो कुकर आला.

धाकटी लेक न्यू जर्सीत असते. आईचे गुडघे दुखतात, गॅसपाशी उभं राहवत नाही, म्हणून यंदा येताना तिने बॅगेतून हे यंत्र आणलं. बाहेर पत्र्याचं खोकं, त्याच्या भिंतींत तार गुंडाळलेली, आत चिनीमातीचं जाडजूड लांबट भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी भरायचं, बटण ‘लो’वर फिरवायचं आणि संध्याकाळी जेवायचं. मध्ये काहीही करायचं नाही. तिकडे वीज एकशेवीस व्होल्टची, आपल्याकडे दोनशेतीसची, त्यामुळे जावयाने मध्ये लावायचा एक ट्रान्सफॉर्मर ऑनलाइन मागवून दिला. तो कुकरहून जड होता, आणि बुलढाण्याहून निघाल्यापासून घरी येईपर्यंत तात्या त्याच्या पाळतीवर होते, हे सांगायला नको.

काकूंना यंत्र लगेच उमगलं. ‘म्हणजे चुलीचा वैल की!’ त्या म्हणाल्या. चुलीवर भाकरी चालू असताना बाजूच्या वैलावर वरण नाहीतर दूध ठेवून द्यायचं, उरलेल्या धगीवर ते सावकाश होत राहायचं. त्याला अमेरिकेला जायला नको.

लेकीने मग या यंत्राचा जन्म सांगितला. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या संशोधकाची आई लिथुआनियातली ज्यू. तिच्या लहानपणी शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागायचा आणि विस्तव पेटवणं बंद व्हायचं. म्हणून त्याआधी कडधान्य आणि मांसाचं ‘चोलंट’ भरलेलं भांडं बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टीतल्या विझत्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं, शनिवारी काढून आणायचं. आईच्या या आठवणीवरून नॅक्सनने विजेचं भांडं बनवलं. त्याचं पेटंट 1940 साली मिळालं. पुढे रायव्हल या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 पासून तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी गेलं.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘रात्रभर भट्टीत? मग त्या लोकांना झोप कशी लागायची?’

पहिला बेत ठरला तो भरल्या सिमला मिरच्यांचा. लेकीच्या पाककृतीत तांबडा तांदूळ, राजमा, मका आणि चीज होतं. राजमा मात्र या यंत्रात कच्चा घालायचा नसतो. त्याच्यात एक विषारी द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते मरत नाही, म्हणून भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. ‘एवढं गॅसवर करायचं, तर मग हे कशाला?’ म्हणून काकूंनी राजम्याला रजा दिली. त्यांनी मोकळा भात घेतला, वाफवलेली मटकी, मक्याचे कोवळे दाणे, शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ, खोबरं, काळा मसाला, थोडा गूळ, आणि लेकीच्या समाधानापुरतं किसलेलं पनीर.

मिरच्या निवडायचं त्यांचं काम मी पाहिलं. एकेक मिरची त्या ओट्यावर उभी करायच्या आणि बोटाने हलकेच ढकलायच्या. जी बुडाशी चार फुगीर उंचवट्यांवर ठाम उभी राहिली ती आत, कलंडली ती भाजीत. मग देठाकडची टोपी गोल कापली, बियांचा गड्डा बोटाने फिरवून उपटला, आत मिठाचं बोट फिरवलं आणि सारण भरलं; दाबून नाही, सैलसर, कारण भात फुगतो. भांड्याच्या तळाला वाटीभर टोमॅटोचा रस्सा ओतून सहाही मिरच्या त्यात खांद्याला खांदा लावून उभ्या केल्या. वर जिची तिची टोपी. म्हणजे एका मोठ्या झाकणाखाली आणखी सहा छोटी झाकणं. घरात तात्या असताना हा धोका पत्करायला नको होता.

आधीच हे झाकण काचेचं. काचेचं झाकण म्हणजे आतलं दिसावं म्हणून केलेली सोय, असं कोणीही म्हणेल. पण अर्ध्या तासात आतून वाफेचे थेंब धरतात आणि दिसतं फक्त हिरवं काहीतरी, धुरकट. हे तात्यांना छळण्यासाठीच योजलेलं होतं. थेंब ओघळून कडेला येतात, तिथे पाण्याची बारीक चकाकती रेघ जमते, आणि त्या रेघेनेच झाकण भांड्याला घट्ट बसतं. ते उचललं की रेघ मोडते आणि कोंडलेली वाफ एका दमात निघून जाते. यंत्राची ताकद जेमतेम दिव्याच्या दोन-तीन मोठ्या बल्बांएवढी. गेलेली उष्णता भरून काढायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. तात्या वीस मिनिटांनी येत होते.

एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, दोन्ही चालू असतील तर हौद किती वेळात भरेल, हे गणित तात्यांनी धाडच्या चार पिढ्यांना छडी हातात घेऊन शिकवलं. दुसरा नळ आपण आहोत, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी लाइट गेली. एरवी झाकण न हलवता थोडा वेळ निभावलं असतं, पण निवत तर नाही ना, हे पाहण्यासाठी तात्यांनी ते उघडलं. लाइट आली तेव्हा तापतंय ना, यासाठी उघडलं. मधल्या वेळात एकेका मिरचीची टोपी उचलून आत डोकावणं झालंच. रात्री नऊ वाजता भाताची पेज झाली होती आणि मिरची दाताखाली काकडीसारखी कुरकुरत होती. काकूंनी एक शब्द न बोलता सगळं हॉकिन्समध्ये ओतलं आणि दोन शिट्ट्या काढल्या. त्या शिट्ट्यांत काय काय होतं ते तात्या सोडून सगळ्यांना कळलं.

पुढच्या खेपेला काकूंनी यंत्रावर टॉवेल टाकला. तात्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला, मग पाहिलं. त्याच्या पुढच्या खेपेला झाकणाला दादरा बांधला. तो कसा बांधलाय हे पाहताना सुटला. शेवटी काकूंनी यंत्र देवघरात नेऊन ठेवलं. पारोशाने तिथे शिवायचं नाही, हा त्या घरातला जुना दंडक आहे आणि तो तात्यांना मान्य आहे. त्या दिवशी त्यांनी तीनदा आंघोळ केली.

लेक परत गेली. जाताना ती आईच्या कानाशी काहीतरी बोलली.

त्यानंतरच्या आठवड्यात काकूंच्या भाच्याचा देऊळगाव राजाहून फोन आला, आमचं शेडनेट पाहायला या म्हणून. तिकडे जाळीच्या शेडमध्ये बियाण्यासाठी मिरची आणि सिमला मिरची करतात. जालन्याच्या बियाणे कंपन्या जवळ असल्यामुळे हा धंदा तिथे चांगला रुजला आहे. संकरित बी हाताने करावं लागतं. कळी उमलायच्या आत बाया बारीक चिमट्याने ती उघडतात, आतले पुंकेसर अलगद काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावतात. तात्या त्या शेडमध्ये उभे राहिले ते उभेच राहिले. बंद असलेली वस्तू वेळेआधी उघडायची, हेच ज्यात काम आहे आणि त्याची वर मजुरी मिळते, असं जगात काही असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी चिमटा मागितला. भाच्याने, कोणीतरी सावध केल्यासारखा, तो दिला नाही. पण सकाळी पराग कसा लावतात ते पाहायला तात्या मुक्कामाला राहिले. तिथून त्यांचे घरी फोन चालू होते. काकूंनी त्यातला एकही उचलला नाही.

त्या दिवशी काकूंनी सकाळी मिरच्या भरल्या, बटण फिरवलं आणि गुडघ्याला तेल लावून पडून राहिल्या. संध्याकाळी मला हाक आली. मिरच्या उभ्याच्या उभ्या होत्या, पण साल मऊ रेशमी झालेली, चमचा लावला की आपसूक सुटत होती. सारणाने रस्सा पिऊन घेतला होता आणि तिळाचा वास भाताच्या शितापर्यंत मुरला होता. दोन मिरच्या काकूंनी तात्यांसाठी डब्यात घालून वर ताटली ठेवली, ताटलीवर पाटा ठेवला.

रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी डबा उघडून मोबाइलसमोर धरला. ‘अगं, या वेळी किती सुरेख झाल्यात बघ.’

लेकीने मिरच्या नीट पाहिल्याही नाहीत.

‘तात्या कुठं गेलेत?’ तिने विचारलं.