कपबशी कुणाची?

(फ्लोरिडा, ऑक्टोबर २०२४. जावई टपालानं आलेल्या मतपत्रिकेतले गोल काळ्या पेनानं भरतोय. सासरे सांगलीकडचे, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य, सध्या व्हिजिटर व्हिसावर. सासूबाई ओट्यापाशी.)

सासरे : वर राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढं पक्ष आहे. मग स्कूल बोर्डवाल्यांपुढं का नाही?

जावई : मामा, १९९८ साली फ्लोरिडानं आपली राज्यघटनाच दुरुस्त केली. शाळेत राजकारण नको म्हणून.

सासरे : मग थांबलं?

जावई : २०२२ ला खुद्द गव्हर्नर डिसँटिसनी स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला.

सासरे : म्हणजे पॅनेलच की! आमच्या ग्रामपंचायतीलाही पक्षाचं चिन्ह चालत नाही. कपबशी, शिट्टी, छत्री. पण कपबशी कुणाच्या वाड्यावरनं आली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि निकालानंतर सगळे पक्ष म्हणणार, सर्वाधिक सरपंच आमचेच. बेरीज केली तर गावं कमी पडतात!

जावई : म्हणूनच यंदा दुरुस्ती क्रमांक एक आलीय. २०२६ पासून पक्ष छापायचा का?

सासरे : मग भरा 'हो'चा गोल. झाकायचं काय त्यात?

जावई : पक्ष आला की प्रायमरी आली, पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. तिथं त्या-त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत. माझी नोंद 'कुठलाच पक्ष नाही' अशी.

सासरे : थांबा. तुमची नोंद? कुठं?

जावई : मतदार यादीत. कार्डावरही छापतात. हे बघा.

सासरे : (चष्मा लावून) म्हणजे मतदाराचा पक्ष सरकारदरबारी, अन् उमेदवाराचा गुलदस्त्यात? जावईबापू, मी आयुष्यभर कुणाला मत दिलं, ते तुमच्या सासूबाईंनाही माहीत नाही!

सासूबाई : कपबशीला.

जावई : उमेदवारही मतदारच ना, मामा. यादी सगळ्यांना खुली असते. मी शोधलं.

सासरे : मग?

जावई : दोघंही एकाच पक्षाचे निघाले.

सासरे : अरेरे! आता हो?

जावई : आता शाळेबद्दल काय म्हणतात ते वाचावं लागणार.

(नोव्हेंबर. निकालाचा दुसरा दिवस.)

जावई : पडली दुरुस्ती. जवळपास ५५ टक्के 'हो' म्हणाले, ६० लागतात.

सासरे : ५५ टक्के घेऊन पडली? आमच्याकडं एवढ्यावर गुलाल उधळून, चौकात फ्लेक्ससुद्धा लागला असता!

सासूबाई : तुम्ही पडला होतात, तेव्हाही लावलाच होता की.