पडदाफाश
गिटारचे झिजलेले फ्रेट घरच्या घरी बदलायचे असतील तर आधी तारा काढाव्यात, गिटार गादीवर आडवी करावी आणि तिच्या मानेकडे आपली मान खाली घालून पाहावं. पहिल्या तीन फ्रेटांवर, तारांच्या बरोबर खाली, नख अडकेल असे खड्डे दिसतील. बाराव्या फ्रेटच्या पुढं मात्र धातू दुकानातून आणला तसा चकाकत असतो. वीस वर्षांत आपण काय काय वाजवलं नाही, त्याचा हा पंचनामा. म्हणून ही पाहणी एकांतात करावी. मी आईसमोर केली. "ह्या वरच्या अंगाला कदी गेलाच न्हाईस व्हय रं?"

आमच्या कागलहून मिरज काही लांब नाही, मग तिथंच का जाऊ नये, असं कुणी विचारेल. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या पुढच्या पिढ्या तिथं तंतुवाद्यं घडवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. बेसूर लागला, सरकवला. गिटारच्या खाचा कारखान्यात कायमच्या कापलेल्या. दर खाच उरलेल्या तारेच्या 17.817 व्या भागावर. फ्रेटच्या पोटाखाली पातळ पाय असतो, त्याला बारीक दाते असतात आणि ते लाकडात रुतलेले असतात. असा फ्रेट एकटा कधीच जात नाही. कागलात पक्ष सोडणारा जसा कार्यकर्ते घेऊन निघतो, तसा तो लाकूड घेऊन निघतो.

फ्रेटच्या तारेला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात. हे नाव हुपरीत उच्चारू नये. मी तिथल्या एका चांदी कारागिरापुढं उच्चारलं. त्यानं तुकडा नखावर घासला, माझ्याकडं पाहिलं आणि चहा सांगितला. कुणी फसवलेला माणूस आला की सांगतात तसा. त्या तारेत तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही.

आता काढणी. सोल्डरिंगची गन फ्रेटवर टेकवून फिरवावी म्हणजे जुना डिंक मऊ होतो. मग तोंड घासून सपाट केलेलं कटर एका टोकाकडून खाली सारत नुसतं दाबत जावं. उपटू नये. मी उपटला. तिसऱ्या फ्रेटपाशी लाकडाचा टवका उडाला, तांदळाएवढा, आणि कॉटखाली गेला. टवका फेकायचा नसतो, पातळ फेविक्विकनं जागच्या जागी बसवायचा असतो. त्यासाठी तो सापडावा लागतो. मी मोबाईलच्या उजेडात पोटावर सरपटत शिरलो. फरशी लखलखीत. "आत्ताच झाडून काडलं की," आई म्हणाली.

अशा वेळी शिसवी लाकडाचा भुसा आणि फेविक्विक खड्ड्यात भरून घासावं. आमच्या घरात शिसवी म्हणजे आजोबांची पेटी. तिच्या तळाला कानस मारावी आणि पेटी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवावी.

फ्रेटखालची पाटी सपाट दिसते पण नसते; माझ्या गिटारच्या पाटीचा बाक 12 इंच त्रिज्येचा आहे. फ्रेटची नवी तार त्याहून थोडी जास्त वाकवावी, नाहीतर टोकं वर येतात. त्यासाठी दीड फुटी परातीचा काठ फार योग्य. परात कणीक मळण्याआधी मागावी. मग हातोडीच्या तोंडाला जुन्या कोल्हापुरी चपलेचं चामडं गुंडाळून आधी दोन्ही टोकं ठोकावीत, नंतर मध्य. चप्पल जुनी आहे की नाही, हे जिची आहे तिला विचारावं.

सगळे फ्रेट बसले की त्यांच्या माथ्यावर मार्कर फिरवावा आणि सरळ पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर लांबवर घासावा. शाई उरली तो फ्रेट ठेंगणा. सगळीकडची शाई जाईपर्यंत घासत राहायचं, मग प्रत्येक माथा कानशीनं पुन्हा गोल करायचा. यात दोन दिवस आणि बोटांची कातडी जाते. एक फ्रेट शेजाऱ्यापेक्षा केसभर वर राहिला की सगळी खरखर तिथूनच सुरू होते. हे गैबी चौकात सभा ऐकलेल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

माझ्या गिटारला आठव्या घरात अजून खरखर आहे. तिकडं मी जात नाही.