पुण्य आणि किलोमीटर

तीर्थयात्रेचं पुण्य देवळाच्या पायरीवर मिळत नाही, घरी परतल्यावर दिवाणखान्यात मिळतं, असं माझं पक्कं मत आहे. चंद्रपुरात कुणाला "केदारनाथले जाऊन आले काय?" एवढं विचारून बघा. गौरीकुंडापासूनची १६ किलोमीटरची चढण, ३,५८३ मीटर उंचीवर लागलेला दम, खेचरवाल्याशी झालेली घासाघीस, सगळं साग्रसंगीत ऐकायला मिळतं. देव येतो तो शेवटी, "गर्दी लय होती" या वाक्यात. मार्कंड्याहून आलेल्याला मात्र कुणी काही विचारत नाही. वैनगंगा तिथे चक्क उत्तरेकडे वळते, आणि उत्तरवाहिनी नदीकाठच्या महादेवाचं पुण्य काही साधंसुधं नसतं. पण मूल-चामोर्शीवरून सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येत असेल, तर सांगायचं तरी काय?

आम्हा सुशिक्षितांची सोय त्याहून न्यारी. आम्ही दर्शनाला जातच नाही, 'स्थापत्य बघायला' जातो. हात जोडताना कुणी पाहिलंच तर जोत्यावरची शिल्पपट्टी निरखायला वाकलो होतो असं दाखवायचं, आणि एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्ववाल्या कनिंगहॅमसाहेबाने मार्कंड्याच्या देवळांची दखल घेतली होती हे पिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. साध्या भाविकाला नुसतं पुण्य लाभतं. आम्हाला पुण्य लाभतं आणि वर त्या भाविकाकडे कौतुकाने बघण्याचा मानही. हा अहंकार फार स्वस्तात पोसला जातो, म्हणून मला तो सोडवत नाही.

यावर कुणी म्हणेल, हिमालयात कष्ट आहेत आणि फळ कष्टाला असतं. मग हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांचं काय, हे मी विचारत नाही. त्यांचे कष्ट तिकीट मिळवण्यात झालेले असतात. पण कष्टच मोजायचे तर चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला या. नांदेड-परभणीकडची माणसं पोराबाळांसह येतात, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतात, झरपट नदीच्या पाण्यात उतरतात आणि राणी हिराईने बांधलेल्या देवळापुढे हलगीवर भर उन्हात नाचतात. त्या उन्हात आपण कूलरसमोरून उठत नाही. म्हणजे ज्या गावातून पुण्यासाठी आपण बाहेर पळतो, तिथेच पुण्यासाठी दुसरे धापा टाकत येतात. नांदेडच्या दिवाणखान्यात चंद्रपूरचं ऊन बहुधा केदारनाथच्या बर्फाच्या भावाने खपत असेल.

जवळ असूनही भाव टिकवलेलं दैवत आपल्याकडे एकच: ताडोब्याचा वाघ. त्याच्यासाठी लोक पहाटे मोहर्लीच्या गेटवर कुडकुडत रांग लावतात, महिनोन्‌महिने आधी नंबर लावतात, आत गेल्यावर कुजबुजीतच बोलतात. लांबवर चितळाचा कॉल आला की गाइड बोट वर करतो आणि जिप्सीतली सहाही माणसं श्वास रोखतात. एवढी एकाग्रता कुठल्या गाभाऱ्यात बघायला मिळत नाही. वाघांना नावं असतात, माया, मटकासुर, वाघडोह अशी, आणि त्यांच्या वंशावळी भक्तांना स्वतःच्या आजोबा-पणजोबांपेक्षा जास्त पाठ असतात. बाहेर येणाऱ्याला "झालं का?" एवढंच विचारतात, काय, ते सांगावं लागत नाही. आता गंमत बघा. या जंगलाला ज्याचं नाव मिळालं तो ताडोबा, म्हणजे तारू, हा गोंडांचा देव. तो गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरण्याची रीत. राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, देव त्याच्या कितीतरी आधीचा. ज्याने देवाला मारलं त्याच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात, आणि मेलेल्या देवाच्या नावाचा टी-शर्ट घालून परत जातात. तारूने त्या दिवशी जरा बाजूला होऊन वाट दिली असती, तर आपण आज कुठलं नाव छापलं असतं कोण जाणे!

"पण आपल्याकडे डोंगर कुठे आहेत? टेकाडं आहेत," हा शेवटचा आक्षेप. तो घेणाऱ्याने एटापल्ली तालुक्यातलं सूरजागड बघावं. तिथे ठाकुरदेव आहे, आणि परिसरातल्या सत्तर गावांचे माडिया-गोंड त्याच्या जत्रेला जमतात. कळस नाही, शिल्प नाही. कनिंगहॅमचं नाव टाकायला जागाच नाही, त्यामुळे माझ्यासारख्याची तिथे फार पंचाईत होते. डोंगर हेच देऊळ. आणि त्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज निघालं. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, गावांच्या विरोधाला न जुमानता पुढे खोदाई सुरू झाली, आणि आज आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकमागून उडणारी लाल धूळ झाडांच्या पानांवर बसलेली दिसते. रोजगार नको का, असं विचारतील. हवाच. पण केदारनाथखाली लोखंड सापडलं असतं तर हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नसती; निदान आमच्या दिवाणखान्यात तरी नाही. दगडाला आकार दिलेला असला की आम्हाला त्यात देव दिसतो, नसला की टनेज.

ठाकुरदेवाची जत्रा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरते. त्या आठवड्याबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक असतं, की ताडोब्याचं बुकिंग मिळत नाही.