भिंतीला न लागलेले पोस्टर

रॉक संगीताच्या कार्यक्रमाचे पोस्टर ही मुळात आठवडाभराच्या आयुष्याची वस्तू. शुक्रवारचा कार्यक्रम असेल तर सोमवारी ते विजेच्या खांबावर चढते आणि रविवारी सकाळी त्याची रद्दी होते. निदान तसे व्हावे अशी छापणाऱ्याची, लावणाऱ्याची आणि नगरपालिकेची अपेक्षा असते. प्रत्यक्षात गेली साठ वर्षे शहाणीसुरती माणसे ही रद्दी जमवत आली आहेत. तिच्यासाठी ती आम्लविरहित पुठ्ठे विकत घेतात, आणि घरातल्या ज्या भिंतीवर ऊन येत नाही ती भिंत कुणालाही दुसऱ्या कामासाठी वापरू देत नाहीत. या छंदाचा मूलभूत नियम असा की पोस्टरने आपले काम जितके कमी केले असेल तितकी त्याची किंमत जास्त. जे खांबाला टाचले गेले, पावसात भिजले आणि ज्याने पाचपन्नास माणसांना नाटकगृहापर्यंत आणले, त्याला चार कोपऱ्यांत चार भोके असतात आणि भाव नसतो. जे छापखान्याच्या गठ्ठ्यातून बाहेरच पडले नाही, ज्याने एकाही माणसाला काहीही कळवले नाही, त्याच्यासाठी लिलाव होतो.

१९६५ पर्यंत अमेरिकेत संगीताची पोस्टरे ही छापखान्याची बाब होती. चित्रकाराचा तिच्याशी संबंध नव्हता. नॅशव्हिलचा हॅच शो प्रिंट १८७९ पासून लाकडी खिळ्यांनी छपाई करत होता, बाल्टिमोरचा ग्लोब पोस्टर १९२९ पासून. मुष्टियुद्ध, सर्कस, जत्रा आणि गायक यांच्यासाठी साचा एकच असे. जाड पुठ्ठा, साधारण १४ बाय २२ इंच, गायकाचा पासपोर्टला शोभेल असा फोटो, आणि मैलभरावरून वाचता येतील अशी अक्षरे. दौऱ्यावरच्या मंडळींसाठी वरची पट्टी कोरी ठेवून पुठ्ठे एकदम छापून घेत. मग गावागणिक सभागृहाचे नाव आणि तारीख त्या पट्टीत छापली जाई. गायक तोच, फोटो तोच, फक्त गाव वेगळे. या पोस्टरांत कलेचा दावा कुणी केला नव्हता, त्यामुळे ती वाचता येत. हा दोष पुढच्या पिढीने दूर केला.

पहिले पाऊल पडले ते नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी नावाच्या जुन्या खाणगावात. तिथल्या रेड डॉग सलूनमध्ये १९६५ च्या जूनमध्ये शार्लटन्स नावाचा बँड वाजवणार होता. त्यासाठी बँडमधल्याच जॉर्ज हंटर आणि मायकेल फर्ग्युसन यांनी हाताने काढलेले पोस्टर संग्राहकांत ‘द सीड’ म्हणून ओळखले जाते. सायकेडेलिक पोस्टरांची वंशावळ इथून सुरू करण्याची पद्धत आहे. त्याच्या दोन आवृत्त्या असून दोहोंवर जूनच्या वेगवेगळ्या तारखा आहेत. म्हणजे या कलाप्रकारात तारखेला फार महत्त्व देऊ नये, हे आरंभीच ठरून गेले.

खरा बहर आला सॅन फ्रान्सिस्कोत, १९६६ मध्ये, आणि तोही दोन परस्परविरोधी स्वभावांच्या माणसांमुळे. बिल ग्रॅहॅम बर्लिनमध्ये जन्मलेला. नाझींपासून वाचवून अमेरिकेत आणल्या गेलेल्या ज्यू मुलांपैकी एक. तो फिलमोर ऑडिटोरियम चालवत असे आणि हिशेब डोक्यात ठेवत असे. टेक्सासहून आलेला चेट हेल्म्स ‘फॅमिली डॉग’ या मंडळीतर्फे अव्हलॉन बॉलरूम चालवत असे आणि हिशेब कुठेच ठेवत नसे. दोघेही आठवड्याच्या शेवटी नाचगाण्याचे कार्यक्रम करत आणि दोघांनाही दर आठवड्याला पोस्टर लागे. ग्रॅहॅम स्वतः स्कूटरवर गठ्ठा घेऊन ते लावत फिरे. परतताना त्याला दिसे की मघाशी लावलेली पोस्टरे खांबावरून गायब आहेत. हा छंदाचा जन्म. दुसऱ्या एखाद्या धंदेवाइकाने पोलिसांत तक्रार केली असती. ग्रॅहॅमने जास्त प्रती छापल्या आणि कार्यक्रमानंतर बाहेर पडणाऱ्या लोकांना वाटल्या. होऊन गेलेल्या कार्यक्रमाची जाहिरात, तो पाहून आलेल्या माणसाच्या हातात! जाहिरातशास्त्राच्या पुस्तकात या पद्धतीला जागा नाही.

दोन्ही ठिकाणी सुरुवातीला वेस विल्सन पोस्टरे काढत असे. छापखान्यात काम केलेला हा माणूस. व्हिएन्नातल्या सेसेशन या कलाचळवळीतल्या आल्फ्रेड रोलरची विसाव्या शतकाच्या आरंभीची अक्षरे त्याच्या पाहण्यात आली आणि त्याने ती ताणली, फुगवली, वितळवली. विल्सनच्या हातात अक्षर हे वाचण्याचे साधन राहत नाही. दिलेल्या आकारात ते भरायचे असते, मग तो आकार ज्वाळेचा असो की एखाद्या बाईच्या केसांचा. १९६६ च्या जुलैत ‘असोसिएशन’ बँडसाठी त्याने काढलेल्या पोस्टरवर लाल ज्वाळा आहेत आणि त्या ज्वाळा म्हणजेच मजकूर आहे. मोडी न येणाऱ्याने आजोबांचे खरेदीखत उलगडावे, तसा हा प्रकार. आधी एखादे अक्षर सापडते, मग त्याच्या आधाराने शेजारचे, आणि शेवटी कळते की आपण कागद उलटा धरला होता.

या पोस्टरांसमोर लोक थांबत, मान वाकडी करत, ओठ हलवत उभे राहत. ग्रॅहॅम व्यवहारी असल्यामुळे त्याला मजकूर वाचला जावा असे वाटे. पण सभागृह भरत होते, त्यामुळे तक्रारीत जोर राहत नव्हता. व्हिक्टर मोस्कोसोने तर याचे शास्त्रच केले. स्पेनमध्ये जन्मलेला हा चित्रकार येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली रंगशास्त्र शिकला होता. म्हणजे या मंडळींत नियम रीतसर माहीत असलेला तो. शेजारी ठेवू नयेत असे विरोधी रंग, उदाहरणार्थ तांबडा आणि हिरवा, सारख्याच तेजाचे घेऊन एकमेकांना चिकटवले की त्यांच्या सीमारेषा डोळ्यांपुढे थरथरू लागतात. आल्बर्सच्या वर्गात हे सावधगिरीने हाताळायचे होते; मोस्कोसोने सबंध पोस्टर त्यानेच भरले. पोस्टर चटकन वाचता यावे हा शाळेतला नियम त्याने उलटा केला आणि ते वाचायला जास्तीत जास्त वेळ लागावा अशी व्यवस्था केली. १९६७ मध्ये त्याने ‘निऑन रोझ’ ही स्वतःची मालिका काढली. त्यातली काही पोस्टरे पाहून झाल्यावर डोळ्यांना थंड पाण्याचा हात लावावासा वाटतो.

स्टॅनली माउस आणि आल्टन केली या जोडीची रीत वेगळी होती. त्यांना स्वतः चित्र काढण्याइतकाच दुसऱ्याचे चित्र सापडण्याचा आनंद होई. त्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसत. १९६६ च्या सप्टेंबरात अव्हलॉनमध्ये ‘ग्रेटफुल डेड’चा कार्यक्रम होता. त्यासाठी त्यांना उमर खय्यामच्या रुबायांच्या एका जुन्या इंग्रजी आवृत्तीत एडमंड सलिव्हनने काढलेला, गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा मिळाला. त्याला त्यांनी रंग दिले, भोवती अक्षरे दिली आणि काम संपवले. माधव ज्युलियनांच्या ‘द्राक्षकन्ये’तून मराठीत आलेल्या त्याच खय्यामची ही दुसरी वाट. फारसीतून इंग्रजीत, इंग्रजीतून ग्रंथालयात, ग्रंथालयातून खांबावर. पुढे हा सांगाडा त्या बँडची कायमची खूण झाला आणि टीशर्टपासून मोटारीच्या काचेपर्यंत जाऊन बसला. याच जोडीने सिगारेट वळायच्या कागदाच्या पाकिटावरचा दाढीवाला माणूसही उचलून ‘बिग ब्रदर’ बँडच्या पोस्टरवर आणला होता. १४ जानेवारी १९६७ च्या गोल्डन गेट पार्कमधल्या मेळाव्याच्या त्यांच्या पोस्टरवर एक जटाधारी साधू आहे आणि त्याला तिसरा डोळा दिलेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत साधूचे नाव नाही. त्याच्या पूर्वसंमतीचाही कुठे उल्लेख नाही.

पाचवा रिक ग्रिफिन, मूळचा समुद्रलाटांवर स्वार होणाऱ्यांच्या नियतकालिकातला व्यंगचित्रकार. १९६८ च्या फेब्रुवारीतल्या जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमासाठी त्याने पंख फुटलेला, आगीच्या वलयातून बाहेर झेपावणारा डोळा काढला. हा डोळा आज ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे पाहुणे फार वेळ बसत नाहीत. १९६७ च्या जुलैत या पाचांचे एकत्र प्रदर्शन भरले आणि १ सप्टेंबरच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने पोस्टरांच्या लाटेला मुखपृष्ठ दिले. त्याआधीच मे महिन्यात विल्सनचे आणि ग्रॅहॅमचे पैशावरून फाटले होते. विल्सनने जाताजाता काढलेल्या पोस्टरवर एक साप आहे आणि त्याच्या तोंडात डॉलरचे चिन्ह. ग्रॅहॅमने ते छापले. त्यानंतरची बरीच पोस्टरे त्याची बायको बॉनी मॅक्लीन हिने काढली. ती आधी फिलमोरमधल्या फळ्यावर खडूने कार्यक्रम लिहीत असे.

छपाईचे तंत्र मात्र अगदी साधे होते. ही पोस्टरे ऑफसेटवर, दोन-तीन रंगांत, स्वस्त कागदावर निघत. चित्रकार काळ्या शाईत मूळ रेखाटन करी, प्रत्येक रंगासाठी वेगळा पारदर्शक थर कापून देई आणि कोणता रंग कुठे जाईल हे छापखान्याला तोंडी सांगे. एकत्र झालेले चित्र त्यालाही यंत्रातून पहिला कागद बाहेर आल्यावरच दिसे. टी लॉट्रेक छापखान्याचा लेव्हॉन मोसगोफियन हा चित्रकारांपेक्षा वयाने बराच मोठा, कसबी मुद्रक होता. या पोरांच्या मागण्या त्याने मनावर घेतल्या हे त्याचे मोठेपण. यातली सर्वांत देखणी युक्ती इंद्रधनुषी छपाईची. यंत्रात रोलरला शाई पुरवणाऱ्या पेटीत एका टोकाला पिवळी आणि दुसऱ्या टोकाला तांबडी शाई घालायची. रोलर फिरता फिरता डावीउजवीकडेही सरकतात, त्यामुळे मध्ये दोन्ही मिसळून नारिंगी तयार होते. एका रंगाच्या खर्चात तीन रंग! पण यंत्र चालू राहिले की शाया एकमेकींत घुसत जातात, आणि गठ्ठ्यातल्या पहिल्या व शेवटच्या कागदाचा सूर्यास्त वेगवेगळ्या वेळचा दिसतो. मुद्रकाच्या दृष्टीने ही उणीव. संग्राहकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे नमुने, आणि दोन्ही हवेत.

संग्रहाचे खरे दुखणे क्रमांकांपासून सुरू होते. फिलमोर मालिकेच्या पोस्टरांना ‘बीजी’ आणि फॅमिली डॉगच्या पोस्टरांना ‘एफडी’ अशी अक्षरे लावून अनुक्रमांक दिले जातात. ‘बीजी’ची मालिका १९७१ मध्ये ग्रॅहॅमने आपले नंतरचे सभागृह फिलमोर वेस्ट बंद केले तेव्हा २८७ वर थांबली. संग्रह आवडीने सुरू होतो आणि क्रमाने पुरा केला जातो. एकदा शंभर क्रमांक जमले की उरलेले १८७ आपोआप आवडू लागतात. ज्या बँडचे एकही गाणे ऐकवत नाही त्याचे पोस्टर मिळवण्यासाठी माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन येतो, आणि परतल्यावरही ते गाणे लावत नाही. संग्राहकांचा दुसरा वर्ग, मूळ कार्यक्रमांना हजर असलेल्यांचा. त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे ते पोस्टर होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या आईने ते टाकून दिले. या आयांनी मिळून बाजारातला तुटवडा निर्माण केला. संग्राहकांनी त्यांचे खरे तर आभार मानायला हवेत.

यानंतर आवृत्तीचा प्रश्न येतो. कार्यक्रमाच्या आधी छापलेली ती पहिली; मागणी आहे असे पाहून नंतर छापलेली ती दुसरी; आणि कुणालाही न विचारता छापलेली ती चोरटी. चित्र एकच, भावात जमीनअस्मानाचा फरक. त्यामुळे या क्षेत्रात चित्राकडे बघणे हे नवशिक्याचे लक्षण समजतात. जाणकार पोस्टर उलटे करून कागद बघतो, पट्टी लावून कडा मोजतो, तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे आणि काय छापलेले नाही हे तपासतो. मग भिंग येते. छापलेल्या पोस्टरचा फोटो काढून त्यावरून नक्कल केली असेल, तर मुळातले सलग रंग भिंगाखाली बारीक ठिपक्यांत फुटलेले दिसतात. अतिनील दिवा लावला की कागदात अलीकडची उजळवणारी रसायने असतील तर तो लख्ख चमकतो, आणि मालकाचा चेहरा त्या प्रमाणात उतरतो. सगळ्या परीक्षांतून पार झालेले पोस्टर दहापैकी गुण देऊन पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून घेण्याचीही आता सोय आहे. मग भोक पडण्याची भीती नाही आणि हात लावण्याचा प्रश्नही उरत नाही.

किमतींच्या शिखरावर मात्र सॅन फ्रान्सिस्कोचे एकही पोस्टर नाही. तिथे जुन्या पद्धतीचा, स्वच्छ वाचता येणारा पुठ्ठा आहे. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मिनेसोटातल्या मूरहेड येथे बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर गाणार असल्याचे त्यावर छापले आहे. त्याच दिवशी पहाटे आयोवात विमान कोसळून तिघेही गेले. कार्यक्रम तरीही झाला. ऐनवेळी गावाशेजारच्या बॉबी व्ही या पंधरा वर्षांच्या मुलाचा बँड उभा केला गेला. २०२२ मध्ये हा पुठ्ठा ४,४७,००० डॉलरना लिलावात गेला. त्या वेळपर्यंत कार्यक्रमाच्या कोणत्याही पोस्टरला इतकी रक्कम मिळालेली नव्हती.

छापण्याचा छंद १९८० नंतर पुन्हा उसळला. पंक बँडांनी झेरॉक्सवर भागवले होते. ऑस्टिनच्या फ्रँक कोझिकने मोठे, भडक, स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले पोस्टर परत आणले, आणि त्याच्यामागून गॅरेजमध्ये स्क्रीन ताणून बसणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. स्क्रीन प्रिंटिंगला यंत्र लागत नाही, कंबर लागते. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे द्रावण पसरायचे, फिल्म ठेवून उजेड द्यायचा, पाण्याने धुवायचे, मग रबराच्या पात्याने शाई ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. आठ रंग असतील तर प्रत्येक कागद आठ वेळा त्याच जागी, केसभरही न हलता बसवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी आधीचा रंग वाळेपर्यंत थांबावे लागते. रंग जुळले नाहीत की सातव्या रंगाला गायकाचे ओठ हनुवटीवर येतात. म्हणून हवे असतील त्यापेक्षा बरेच जास्त कागद सुरुवातीला घेतात. फुकट गेलेले कागद पुढच्या कामाच्या चाचणीसाठी वापरतात. त्यांवर चार-चार बँड एकमेकांवर छापले जातात, आणि आता त्या चाचण्यांचेही स्वतंत्र संग्राहक आहेत.

या आधुनिक पोस्टरांनी जाहिरातीचा बहाणा सोडून दिला आहे. तिकिटे फोनवर केव्हाच संपलेली असतात. पोस्टर कार्यक्रमाच्या रात्री, सभागृहाच्या आतच, तिकीट काढून आलेल्यांनाच विकले जाते. मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही. माणसे आधी तासभर पोस्टरच्या रांगेत उभी राहतात आणि मग ती गुंडाळी छातीशी धरून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून भिंतीलगत उभी राहून गाणी ऐकतात. याच चित्राच्या थोड्या प्रती चमकत्या पन्नीच्या कागदावरही काढलेल्या असतात. त्या रांगेत पुढे असलेल्यांना मिळतात. साधी प्रत मिळालेल्यांना ही बातमी साधारण तिसऱ्या गाण्याच्या सुमारास लागते.