अळणी पाव, उभा चढ

उंब्रियाला समुद्र नाही, हे ऐकून मी खूश झालो होतो. समुद्र नाही म्हणजे बुटात वाळू नाही आणि सूर्यास्ताचे दीडशे फोटोही नाहीत. समुद्राऐवजी काय आहे, ते विचारायचं मात्र राहून गेलं.

टेकड्या आहेत. मध्य इटलीतल्या या प्रांतात खाली ऑलिव्ह आणि द्राक्षांची शेतं ऐसपैस पसरलेली, आणि माणसं मात्र सगळी वर, तटबंदीच्या आत एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. मध्ययुगात याला कारण होतं. शत्रू लांबून दिसावा आणि वर पोचेपर्यंत त्याचा भाता फुटावा. माझा काहीही वाईट हेतू नव्हता, तरी तोदी, स्पेल्लो आणि असिसी या तिन्ही गावांनी मला शत्रूसारखंच वागवलं.

सौ. पुढे. "अहो, या वळणानंतर सपाट आहे," असं ती प्रत्येक वळणाला सांगायची. तिचं वय माझ्याहून तीनच वर्षांनी कमी आहे, पण गुडघे बहुधा माहेरचे असावेत.

पेरुजात पहिल्यांदा कुणीतरी दया दाखवली. तिथे गावात जायला सरकते जिने आहेत, आणि तेही एका किल्ल्याच्या पोटातून! पोप तिसरा पॉल याने 1540 मध्ये मिठावर कर वाढवला, पेरुजाने बंड केलं, ते मोडून पोपने गावाच्या उरावर हा किल्ला बांधला. त्याखाली गाडल्या गेलेल्या विटांच्या जुन्या गल्ल्यांतून आज जिना सरकतो. कराच्या रागाने लोकांनी पावात मीठ घालणंच सोडलं, असं तिथे सांगतात. इतिहासकार ही गोष्ट फारशी मानत नाहीत, पण पाव अळणी आहे, याला मी साक्षीदार आहे. शिरोड्याला 1930 मध्ये आपल्या माणसांनी मिठासाठी सत्याग्रह केला. इथल्यांनी मिठाशीच असहकार पुकारला म्हणायचा. माझी मात्र पंचाईत झाली. जिन्यामुळे गुडघे पोपच्या बाजूने, जीभ बंडखोरांच्या. खाल्ल्या मिठाला जागावं, तर मीठ कुणी वाढलंच नव्हतं.

ऑर्विएतोला स्टेशनापासून वर नेणारी दोरखंडाची गाडी आहे. फुकट चढल्याच्या आनंदात मी बाहेर पडलो, तर सौ. म्हणाली, "आता विहीर बघू."

1527 मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. वेढा पडला तर गावाला पाणी कुठलं, या काळजीने त्याने विहीर खणायला घेतली. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं त्याला सांगणारी मराठी आजी जवळ नव्हती. पोप 1534 मध्ये वारला, विहीर 1537 मध्ये पुरी झाली.

विहीर मात्र अफलातून आहे. पन्नास मीटरहून खोल, आणि एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे. एकाने रिकामी खेचरं उतरायची, तळाच्या पुलावर पाणी भरून दुसऱ्याने चढायची. वाटेत गाठ म्हणून पडायची नाही. मी निम्म्यावर टेकलो असताना समोरच्या खिडकीतून सौ. चढताना दिसली. तिने हात केला. मीही केला. बत्तीस वर्षांच्या संसारात इतकी शिस्तशीर वाहतूक आमच्यात कधी झाली नव्हती. खेचरांना निदान पाणी तरी आणायचं असे. मी रिकामाच उतरलो आणि रिकामाच चढलो.

शेवटी गुब्बिओ. तिथे एका कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारून पाणी अंगावर घेतलं, की तुम्ही अधिकृत वेडे. तसा परवानाही मिळतो. रस्ता सपाट होता, मी तयारही होतो. पण आधी जरा टेकू म्हणून पायरीवर बसलो तो बसलोच. सौ.ने पर्स माझ्याकडे दिली, सवयीने उजवी घालून तीन प्रदक्षिणा केल्या आणि शेवटी कारंज्याला चक्क नमस्कार केला. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परवाना आता आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. त्यावर नाव तिचं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, की छापताना चूक झाली.