दोरीच्या अलीकडचा समुद्र

केळशीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले घरट्यांतून वर येऊ लागली, की साधारण त्याच सुमारास घाटावरच्या माध्यमिक शाळांची पिल्लेही बसमधून खाली उतरू लागतात. आणि या दोन जातींतला मुख्य भेद एवढाच, की पहिल्या जातीच्या पिल्लांना समुद्राकडे जाऊ देतात. एकाच बसभाड्यात पर्यावरण प्रकल्प, उद्योजकता-विकास आणि निसर्गसहल असे तीन विषय उरकण्याची ही तजवीज ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याच्या हिशेबीपणाला माझे दंडवत. बसवर 'प्लास्टिकमुक्त किनारा' असे छापलेला जो फ्लेक्स असतो, त्याविषयी मी लिहिणार नाही. त्यावर आजवर पुष्कळ लेखण्या झिजल्या आहेत. माझा विषय आहे दोरी.

ही दोरी नायलॉनची, हिरव्या रंगाची. एक टोक चित्रकलेच्या शिक्षकांच्या मनगटाला, दुसरे शिपायाच्या कमरेला, आणि मधल्या भागात हात-हात अंतरावर गाठी. प्रत्येक गाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर हजेरीक्रमांक. विद्यार्थ्याने उजव्या हाताने आपली गाठ धरावी आणि डाव्या हातात टिपणवही. निसर्गाला स्पर्श करण्यासाठी लागणारा तिसरा हात अभ्यासक्रमात नमूद नाही. मग टिपणे कोणत्या हाताने काढायची, हा प्रश्न शाळेत परतल्यावर फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याने सुटतो, आणि त्यामुळे सर्वांना समुद्र एकाच शब्दांत दिसतो, हा फायदा वेगळाच.

दोरीच्या मागे हमीपत्र असते. 'सबब माझ्या पाल्याने समुद्र, खाडी, झाड, खडक, वाळूचा उंचवटा अथवा तत्सम नैसर्गिक वस्तूंजवळ जाऊन काही बरेवाईट करून घेतल्यास शाळा त्यास जबाबदार राहणार नाही' अशा आशयाचे ते कलम वाचून, पूर्वी मुलुखगिरीवर निघालेल्या शिलेदाराकडूनही एवढे लिहून घेत नसत, असे वाटून जाते. समुद्राने माणसे ओढून नेली आहेत, हे आम्हां किनारकरांना कोणी सांगायला नको, आणि परक्या मुलांना सांभाळून नेणाऱ्या मास्तरांची धास्तीही मला कळते. परंतु धास्तीवर औषध म्हणून निदान भरती-ओहोटी तरी शिकवावी की नाही? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, हे गणित आमच्याकडचे शाळेची पायरी न चढलेले म्हातारे जाळे विणता विणता करतात. सहलीबरोबर आलेले गणिताचे शिक्षक त्या वेळी गाठी मोजत होते.

पिल्ले सोडण्याचा विधी पहाटे किंवा तिन्हीसांजेला होतो. अंडी घातल्यापासून पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस वाळूच्या उबेवर काढून, नर व्हायचे की मादी हे त्या उबेच्याच मानाने ठरवून घेऊन बाहेर पडलेला तो तळहाताएवढाही नसलेला काळसर जीव, क्षितिजावरच्या उजेडाचा माग काढत पाण्याकडे चालू लागतो. त्याला कोणी गाठ दिलेली नसते. हे पाहताना एका मुलीने 'सर, त्यांना वाट कोण दाखवतं?' असे विचारले. उत्तम प्रश्न, सगळी सहल वसूल व्हावी असा. उत्तर आले, 'प्रश्न शेवटी घेतले जातील.' आणि त्याच क्षणी अहवालासाठी जो फोटो निघाला त्याचा दिवा असा लखलखला, की दोन पिल्ले माघारी वळून फ्लेक्सच्या रोखाने चालू लागली. कासवमित्राने हात जोडून विनवणी केली, तेव्हा त्याला सांगण्यात आले, की फोटोशिवाय उपक्रम ग्राह्य धरला जात नाही.

उद्योजकतेचा तास त्यानंतर. गावातल्या एका काकूंकडून कोकम सरबताच्या बाटल्या ठोक भावाने घेतल्या गेल्या, त्यांवर 'विद्यार्थीनिर्मित' अशी चिठ्ठी डकवण्यात आली, आणि सोबत आलेल्या पालक-प्रतिनिधींनीच त्या दीडपट किमतीला विकत घेतल्या. नफा झाला. आमसुले पिवळी की काळी, कोकमाची फळे कोणत्या महिन्यात उतरतात, सरबतात साखर किती पडते, यांपैकी काही ठाऊक नसताना झालेला हा नफा पाहता, मुलांना व्यापाराचे मर्म उमगले नाही असे मला म्हणता येत नाही.

इथवर मी हसत होतो. पण परतीची बस खाडीच्या मुखाशी, वाळूच्या टेकडीजवळ उभी राहिली, आणि माझा संयम सुटला. पुलाच्या कामासाठी ही टेकडी कापली गेली तेव्हा तिचे थर उघडे पडले आणि त्यांतून शिंपले, खापरे, हाडे, जुनी नाणी निघाली. १५२४ साली दाभोळच्या समोर पोर्तुगीज आरमाराला समुद्र हादरल्याचा जो अनुभव आला, त्याच सुमारास त्सुनामीची लाट इथवर आली असावी आणि तिच्या खुणा या वाळूत असाव्यात, असा तर्क संशोधकांनी मांडला. म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान आणि परदेशी बखरी हे चारही तास एका टेकडीच्या कुशीत बसवून घेता येतील, असे दप्तर या गावाने उघड्यावर मांडून ठेवले आहे. मुले उतरली. दोरी ताणली गेली. आणि टेकडीकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून, बरोबर आणलेल्या रोपांपैकी एक सुरूचे रोप सुक्या वाळूत खोवून, त्याला बाटलीतले पाणी घालण्यात आले! सुरू हे मुळात ऑस्ट्रेलियाकडचे झाड, ते रेतीत दाटले की मादी कासवाला घरटे करायला मोकळी जागा मिळेनाशी होते, ही तक्रार इतर किनाऱ्यांवरून वारंवार आलेली. म्हणजे सकाळी ज्यांची पिल्ले सोडली, दुपारी त्यांच्याच बाळंतिणीची खोली अडवली. आणि झाडेच लावायची होती, तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने ज्यांच्या सुपाऱ्या-माड मुळासकट आडवे केले, त्या वाड्यांत जाऊन एक आळे खणायला काय हरकत होती? फळ धरायला पाच-सात वर्षे लागणारा माड म्हणजे काय आणि तो एका दुपारी पडला म्हणजे घरात काय होते, हे त्या वाडीतल्या बाईने अर्ध्या तासात शिकवले असते, तेही हमीपत्राशिवाय. पण वाडीच्या बेड्यातून पन्नास गाठींची दोरी आत जात नाही. मुलांना निसर्गात न्यायचे, आणि निसर्गाचा एक कणही अंगाला लागू न देता, हजेरीपटाबरहुकूम, जशीच्या तशी परत आणून द्यायची, याला जर शिक्षण म्हणायचे असेल तर पोस्टाच्या पार्सलालाही एखादी पदवी द्यायला हवी.

त्या गडबडीत अठ्ठाविसाव्या गाठीचा एक मुलगा वाळूतल्या पांढुरक्या खेकड्याचे बीळ पाहायला खाली वाकला. दोरी वाकडी झाली, शिट्टी वाजली, आणि त्याचे नाव लाल शाईने वहीत गेले. त्या खेकड्याचे डोळे दांड्यांवर उभे असतात, हे त्या साऱ्या बसमधून त्या एकट्यालाच दिसले. अहवालात त्याची नोंद 'शिस्तभंग' या सदरात झाली आहे.

अहवालाला प्रशस्तिपत्र मिळाल्याचे कळते. पुढील वर्षी सहल पुन्हा केळशीलाच यायची असून, यंदाचा अनुभव जमेस धरून दुसरी दोरी खरेदी करण्यास मंजुरी घेतली आहे. ती पहिलीच्या आणखी दहा हात मागे धरावयाची आहे. मुख्याध्यापकांना माझी एवढीच विनंती, की विकत घ्यायचीच असेल तर काथ्याचा सुंभ इथेच घ्यावा. स्वस्त पडेल. आणि खेकडेवाल्या मुलाला त्या बसमध्ये आणू नये, त्याला एस.टी.त बसवून एकटा पाठवा, उतरवून घ्यायला मी येतो.